मुद्दा केकचा नाही, मिठाचा

महोदय,

फ्रेंच राज्यक्रांतीवरील रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. ‘पाव नसेल तर केक खा’ हे वाक्य पुन्हा एकदा राणी मारी आंत्वानेतच्या तोंडी घातले आहे. ती तसे म्हणाल्याचा पुरावा नाही. क्रांतीआधीच्या फ्रान्समधली विषमता पाहायची तर मिठाकडे पाहावे.

‘गाबेल’ हा मीठकर सगळीकडे सारखा नव्हता. ब्रिटनी प्रांत त्यातून मुक्त, तर शेजारच्या आंजूत तेच मीठ कितीतरी पट महाग. पॅरिसभोवतीच्या मोठ्या पट्ट्यात आठ वर्षांवरील प्रत्येकाच्या नावे ठरावीक मीठ सरकारी कोठारातून घ्यावेच लागे. तेही फक्त स्वयंपाकाला आणि पानात वाढायला. त्यातून डुकराचे मांस खारवले तर दंड! चोरट्या मिठाची ने-आण करताना सापडलेल्यांना गॅलीची, म्हणजे वल्ह्यांच्या जहाजावरील सक्तमजुरीची, शिक्षाही होई. अनेक उमराव, धर्मगुरू आणि राजाचे अधिकारी यांना मात्र सवलत.

‘तिसरा वर्ग म्हणजे गरीब’ हे लेखातले समीकरणही पटले नाही. तिसरा वर्ग म्हणजे धर्मगुरू आणि उमराव सोडून उरलेली सारी प्रजा. त्यात सावकार होते, वकील होते. पैसेवाला माणूस राजाच्या चिटणिसाचे पद विकत घेऊन उमराव होई. लोक त्या पदाला ‘गावंढळाचा साबण’ म्हणत (काय नेमके नाव!). साबण लागला की ‘ताय’ हा सामान्यांवरचा थेट करही सुटे; तो भरायला शेतकरी होताच.

गाबेल १७९० मध्ये रद्द झाला, पण १८०६ मध्ये नेपोलियनने मीठकर परत आणला. लेखात एवढे तरी यायला हवे होते.

– एक निवृत्त इतिहास शिक्षिका, सांगली