आधी जमीन, मग रूळ, इंजिन शेवटी

महोदय,

बागेत धावणाऱ्या मोठ्या मॉडेल रेल्वेवरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत आला, याचा मनापासून आनंद झाला. मॉडेल रेल्वे म्हटली की आपल्याकडे कोथरूडचे जोशी यांचे संग्रहालय आठवते. पण तो छताखालचा, लहान मापाचा कारभार आहे. उघड्यावर ऊन-पाऊस झेलणाऱ्या गाडीचे गणित निराळे असते. ‘स्टार्टर सेट घ्या, हिरवळीवर रूळ मांडा आणि गाडी सोडा’ हा लेखातला सल्ला नवख्या माणसाला फार महागात पडेल. हिरवळीवर मांडलेले रूळ वळवाच्या पहिल्या पावसात वाकडे होतात, गाडी दर फेरीला घसरते, घरातले कंटाळतात आणि खोके माळ्यावर जाते. बऱ्याचदा इंजिनाला दोष दिला जातो. खरी गडबड रुळाखालच्या जमिनीत असते. म्हणून हे पत्र.

आधी मापाचे. बागेतले बहुतेक रूळ ४५ मिलिमीटर गेजचे असतात, म्हणजे दोन रुळांमधले अंतर तेवढे असते. जर्मनीत न्यूरेंबर्गच्या लेमान कंपनीने १९६८ मध्ये एलजीबी या नावाने या गाड्या आणल्या, त्या मीटरगेजच्या आणि १:२२.५ प्रमाणातल्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या साडेबाविसाव्या हिश्श्याएवढ्या. आज त्याच रुळावर १:२०.३, १:२२.५, १:२९ आणि १:३२ अशा वेगवेगळ्या प्रमाणांच्या गाड्या चालतात. खोक्यावर नुसते ‘जी स्केल’ लिहिलेले पाहून वेगवेगळ्या कंपन्यांचा माल घेतला, तर डबा इंजिनाच्या खांद्यालाही लागत नाही. दुकानदाराला गेज विचारू नका, प्रमाण विचारा.

आपल्या ओळखीच्या गाड्या करायच्या असतील तर हे आधीच ठरवायला हवे. निलगिरीची गाडी मीटरगेज, म्हणजे ४५ मिलिमीटरवर १:२२.५ मध्ये नेमकी बसते. माथेरानची ६१० मिलिमीटरची, तिला ३२ मिलिमीटरचे रूळ आणि १:१९ प्रमाण लागते. बार्शी लाइट आणि विदर्भाची शकुंतला या ७६२ मिलिमीटरच्या होत्या. त्या ३२ मिलिमीटरवर १:२४ मध्ये जमतात. यांचे डबे पीव्हीसी फोमशीटमध्ये घरी कापून करता येतात आणि पहिल्या प्रयत्नाला शकुंतलेच्या साध्या, सरळ डब्याइतके चांगले काही नाही. ब्रॉडगेज मात्र ४५ मिलिमीटरवर करू नये. १:३२ मध्ये १६७६ मिलिमीटरच्या गेजला ५२ मिलिमीटर रुंदी हवी. ४५ वर ती गाडी अरुंद पायांवर उभी असल्यासारखी दिसते.

आता जमीन. पहिल्या मांडणीला साधा लंबगोल पुरे. स्टार्टर सेटमधल्या वळणाची त्रिज्या ६० सेंटिमीटर असते. ती दिवाणखान्यात ठीक, पण मोठी इंजिने आणि लांब डबे त्यावर अडखळतात. बागेत १.२ मीटरच्या आसपास त्रिज्या घ्यावी. एलजीबीच्या मापात असे पूर्ण वर्तुळ १६ वक्र तुकड्यांचे होते. त्यात दोन्ही बाजूंना ६० सेंटिमीटरचे पाच-पाच सरळ तुकडे घातले की साधारण साडेतेरा मीटरची फेरी तयार होते आणि ३ मीटर बाय ६ मीटरच्या जागेत बसते.

या रेषेवर २० सेंटिमीटर रुंद, १५ सेंटिमीटर खोल चर खणावा. तळाला आणि कडांना तण रोखणारे जाळीदार कापड अंथरावे, त्यावर २० मिलिमीटरची खडी १० सेंटिमीटर भरून धुमसावी आणि वर क्रशरची ६ मिलिमीटरखालची बारीक खडी भुकटीसकट ५ सेंटिमीटर. साडेतेरा मीटरला मोठी खडी साडेनऊ घनफूट आणि बारीक पाच घनफूट लागते, म्हणजे सगळे मिळून ब्रासचा सातवा हिस्सा. जवळच्या बांधकामावरून इतका माल सहज मिळतो. नदीतले गोल, गुळगुळीत गोटे दिसायला सुंदर असले तरी रुळाखाली घालू नयेत. ते एकमेकांत अडकत नाहीत, पायाखाली सरकतात आणि रूळही सरकवतात. क्रशरच्या खडीला धारदार कोपरे असतात, भुकटी त्यांच्यामध्ये बसते आणि पाणी मारले की थर घट्ट होतो.

काळ्या मातीत हा चर पुरत नाही. ती पावसात फुगते, मार्चपासून भेगाळते आणि वरचे रूळ लाटांसारखे होतात. तिथे ३० सेंटिमीटर खणून खालचे १५ सेंटिमीटर मुरूम भरावा, पाणी मारून धुमसावा. कोकणात जांभ्यामुळे फुगण्याचा त्रास नाही, पण पाण्याचा लोंढा खडी वाहून नेतो. म्हणून बागेचे पाणी जिथून वाहते तिथे रुळाखालून दोन इंची पीव्हीसी पाइप आडवा टाकावा. लाकडी फळीवर रूळ बसवण्याच्या भानगडीत कुठेच पडू नये, वाळवी लागते. गच्चीवर मांडणार असाल तर स्लॅबला भोक पाडू नका, वॉटरप्रूफिंग जाईल. सिमेंट बोर्डाच्या पट्ट्या ठोकळ्यांवर ठेवून त्यावर रूळ मांडावेत.

सपाटी डोळ्यांनी ठरत नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइप पाणी भरून फिरवावी आणि दर मीटरला खुंटी ठोकून उंची पक्की करावी. चढ २ टक्क्यांच्या वर नको. १ मीटर लांबीच्या पट्टीच्या खालच्या टोकाखाली २ सेंटिमीटरचा ठोकळा ठेवला आणि वरची पाणसळ मध्यावर आली, की तो २ टक्के चढ. सपाटीवर सहा डबे ओढणारे छोटे इंजिन ४ टक्क्यांवर दोन-तीन डब्यांवर येते. आडवी पाणसळ त्याहून महत्त्वाची आहे. वळणावर एक रूळ दुसऱ्यापेक्षा ३ मिलिमीटर खाली बसला असेल, तर गाडी नेमकी तिथेच उतरते आणि लोक चाके तपासत बसतात.

रूळ पितळी घ्यावेत. ते सिमेंटमध्ये किंवा स्क्रूने फरशीला जखडू नयेत. थंडीतल्या पहाटेचे १५ अंश आणि एप्रिलच्या दुपारी तापलेल्या रुळाचे ६० अंश यांत साडेतेरा मीटर पितळ सुमारे ११ मिलिमीटर वाढते. त्याला जागा मिळाली नाही तर वळणे बाहेर फुगतात आणि सांधे उचलतात. सकाळच्या गारव्यात रूळ जोडताना प्रत्येक सांध्यात जुने एटीएम कार्ड उभे धरावे, जोडपट्टी बसवावी आणि कार्ड काढून घ्यावे. दुपारी जोडत असाल तर फट सोडू नका. मग खडी स्लीपरच्या वरच्या पातळीपर्यंत ब्रशने पसरावी. रूळ खडीत तरंगता राहायला हवा. मांडणी पहिल्या वर्षी सोपीच ठेवा. सांधाबदल, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा जोड, बागेत एकही नसला तरी चालेल, कारण त्याच्या जिभेत एक खडा अडकला की गाडी घसरते आणि विजेवर चालणाऱ्या सांधाबदलाच्या पेटीत मुंग्या घर करतात.

वीज रुळातून द्यावी की इंजिनात बॅटरी ठेवावी, यावर जाणकारांत मतभेद आहेत. आपल्या धुळीत आणि पावसात नवख्याने बॅटरीच घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. रुळातून वीज द्यायची तर दर चार-पाच मीटरला २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेची जोडणी लागते, नाहीतर फेरीच्या पलीकडच्या बाजूला गाडी मंदावते. ती जोडणी २५ वॅटच्या सोल्डरिंगने होत नाही, कारण पितळाचा जाड रूळ सगळी उष्णता पिऊन टाकतो. तिथे स्क्रूचे क्लॅम्प लागतात. शिवाय रूळ वारंवार घासावे लागतात. घासायचेच तर भांड्यांची हिरवी घासणी लाकडी ठोकळ्याला गुंडाळून घासा. सँडपेपरने ओरखडे पडतात आणि त्यांत मळ साचतो. लोखंडी काथ्याचे तुकडे मोटरच्या चुंबकाला चिकटतात.

बॅटरीसाठी लिथियम-आयनचे चार सेल एका ओळीत जोडले की १४.८ व्होल्ट मिळतात. २६०० मिलिअँपिअर-तासांच्या सेलवर लहान इंजिन दोनेक तास आरामात फिरते. सोबत बीएमएस, म्हणजे सेल जास्त भरू न देणारे संरक्षक सर्किट, आणि १६.८ व्होल्टचा लिथियमचाच चार्जर हवा, दुसरा कोणताही नको. बीएमएस नसलेला पॅक घेऊ नका. एक सेल जास्त भरला गेला तर आग लागू शकते. उन्हात उभे राहून तापलेले इंजिन लगेच चार्जिंगला लावू नये, आधी गार होऊ द्यावे. इंजिनाची रुळातून वीज घेणारी जोडणी तोडायला विसरू नका. डब्यांची प्लास्टिकची चाके जमेल तशी बदलून धातूची घाला. चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर ४० मिलिमीटर असावे, ते कॅलिपरने मोजा. खेळ संपला की गाडी घरात आणि रूळ बाहेर, हा नियम बारा महिने पाळावा.

हे काम सुरू करायला पाऊस उघडल्यानंतरचा काळ सर्वांत चांगला. जमीन मऊ असते आणि पाणी कुठे साचले होते, ते डोळ्यांना दिसते.

लेखातले एक वाक्य मात्र आपण पुढच्या अंकात ठळकपणे दुरुस्त करावे, ही कळकळीची विनंती. ‘ट्रान्सफॉर्मर प्लास्टिकच्या डब्यात झाकून बागेत ठेवला तरी चालतो’ असे त्यात छापले आहे. ते चालत नाही. २३० व्होल्टची तार बागेत येताच कामा नये. ट्रान्सफॉर्मर घरात, कोरड्या भिंतीवर आणि ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीच्या, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचच्या, मागे असावा. बाहेर जावी ती फक्त २४ व्होल्टच्या आतली तार. या गाडीशी मुले अनवाणी, ओल्या मातीत बसून खेळणार आहेत.

– एक वाचक, मिरज