माशांची पाटी घेऊन बालवर्गात आलेल्या मावशींना

प्रिय मावशी,

सप्रेम नमस्कार.

आमचा पेंग्विनचा पाठ संपला. तुमचे आभार शाळेच्या दारात घाईघाईत मानले होते, तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही. शिवाय तुम्ही काय केलंत ते इतर ताईंनाही कळावं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

आमची मुलं चार-पाच वर्षांची. त्यांचा पेंग्विन कार्टूनमधला, बर्फावरून घसरणारा. राणीच्या बागेतले पेंग्विन बऱ्याच जणांनी पाहिलेत, पण काचेपलीकडे. २०१६ साली सोलहून आणलेले ते पक्षी हम्बोल्ट जातीचे, म्हणजे मूळ पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. तिथे बर्फ नसतो. कोरडा, खडकाळ किनारा आणि समोर थंड प्रवाहाचं, माशांनी भरलेलं पाणी. एवढ्याशा मुलांना हे नकाशावर दाखवून काय कळणार? मासे दाखवू या, असं मनात आलं आणि तुम्हाला विचारलं. तुम्ही सकाळची धंद्याची वेळ सोडून आलात.

पाटीतून आधी मांदेली निघाली. हम्बोल्ट पेंग्विन तिकडे जे छोटे मासे खातो, त्यातले बरेचसे मांदेलीच्याच कुळातले. घरी तळलेली मांदेली खाणाऱ्या मुलांना पेंग्विन एकदम ओळखीचा वाटायला लागला. मग तुम्ही बांगडा काढलात. मुलांना उभं करून तो आडवा धरलात आणि म्हणालात, "वरून बघा. पाठ कशी? काळपट." मग सगळ्यांना खाली बसवलंत, बांगडा त्यांच्या डोक्यावर धरलात. "आता तुम्ही पाण्याखाली. पोट कसं दिसतं?" पांढरं! वरून बघणाऱ्याला गडद पाण्यात काळी पाठ दिसत नाही, खालून बघणाऱ्याला उजेडात पांढरं पोट दिसत नाही. पेंग्विनचा काळा-पांढरा रंगही याचसाठी. मी हे शिकवायला तक्ता केला होता, तो गुंडाळूनच राहिला.

पेंग्विनला दात नसतात, मग तो मासा खातो कसा, हा प्रश्न एका मुलीनं विचारला. तुम्ही तिचं बोट बांगड्याच्या डोक्याकडून शेपटीकडे फिरवलंत, मग उलटं. पर टोचले तशी ती हसत मागे सरली. पेंग्विन मासा डोक्याकडून का गिळतो, हे तिनं दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला समजावून सांगितलं.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. काही मुलांच्या घरी मासे चालत नाहीत. ती लांब बसली, तर तुम्ही त्यांना जवळ या म्हणाला नाहीत, नाक मुरडणाऱ्यालाही बोलला नाहीत. त्यांच्यासाठी पाटीतल्या बर्फाचे खडे वाटीत काढून दिलेत. पेंग्विनची पिसं तेलकट असतात म्हणून पाणी आत शिरत नाही, हा प्रयोग त्याच मुलांनी केला: मेणाच्या खडूनं पेंग्विन रंगवायचा आणि वितळलेल्या बर्फाचे थेंब त्यावरून ओघळताना बघायचे.

त्या आठवड्यातली चित्रं भिंतीवर आहेत. टोपीवाला पेंग्विन एकही नाही. बहुतेकांनी पाणी काढलंय आणि पाण्यात भरपूर मांदेली.

पुढे खेकड्याचा पाठ घ्यायचा आहे. जिवंत खेकडा मागून कसा धरायचा, ते आधी मला शिकवाल का? शनिवारी बाजार उठला की मी तुमच्याकडे येते.

आपली,
बालवर्गाची ताई