मधल्या आवाजाचा वादक

मा. संपादक,

पाश्चात्त्य संगीतावरील लेखनात व्हायोलिन आणि चेलो यांच्या वादकांना भरपूर जागा मिळते. व्हायोलिनहून थोडा मोठा, खालच्या स्वरांचा व्हिओला मात्र उपेक्षितच राहतो, म्हणून व्हिओलावादक विल्यम प्रिमरोझ यांच्याविषयी हे चार शब्द.

१९०४ साली ग्लासगो येथे जन्मलेले प्रिमरोझ मूळचे व्हायोलिनवादक होते. बेल्जियममध्ये थोर वादक इझाय यांच्याकडे शिकत असताना त्यांच्याच सल्ल्याने ते व्हिओलाकडे वळले. व्हायोलिनची सर्वांत वरची तार या वाद्याला नसते, तिच्याऐवजी खाली एक जाड, किंचित घोगरी तार येते, आणि आकार मोठा असल्यामुळे डाव्या हाताची बोटे अधिक ताणावी लागतात. तरीही इटालियन व्हायोलिनवादक-संगीतकार पागानिनीच्या व्हायोलिनसाठीच्या अवघड रचना त्यांनी याच वाद्यावर वाजवल्या, हे मला आजही थक्क करते.

लंडन स्ट्रिंग क्वार्टेट हा चार तंतुवादकांचा संच, संचालक तोस्कानिनींचा अमेरिकेतील एनबीसी रेडिओचा वाद्यवृंद, व्हायोलिनवादक हायफेट्झ यांच्यासोबतचे त्रिकूटवादन, एकलवादन आणि पुढे अध्यापन, अशी त्यांची चौफेर कारकीर्द होती. हंगेरियन संगीतकार बार्टोक यांना व्हिओला कन्चेर्टो (एकल व्हिओला व वाद्यवृंदासाठीची रचना) लिहायला त्यांनीच सांगितले. १९४५ मध्ये बार्टोक गेले तेव्हा ती रचना कच्च्या टिपणांतच होती. संगीतकार टिबोर शेर्ली यांनी ती पूर्ण केल्यावर प्रिमरोझ यांनी १९४९ मध्ये अमेरिकेतील मिनिआपोलिस येथे ती प्रथम सादर केली. व्हिओलासाठी अशी रचना तोवर विरळाच होती.

आपला,
एक वाचक