मखमलाबाद रोडच्या नर्सरीवाल्या काकांना, मनापासून

काका, नमस्कार. मी इंदिरानगरची, डिसेंबरात बुटाच्या खोक्यात कप घेऊन तुमच्याकडे आले होते ती. तुमच्या सूनबाई हे वाचून दाखवतील म्हणून इथे लिहितेय. आणि उघडच लिहितेय, कारण त्या दिवशी तुम्ही माझ्याकडून एक रुपया घेतला नाहीत आणि मला धड थँक्यू पण म्हणता आलं नाही, घसा दाटून आला होता.

ती रोपं कसली होती हे मी तेव्हा पूर्ण सांगितलंच नव्हतं. माझ्या आजीच्या गावरान टोमॅटोचं बी होतं ते. सिन्नरकडे आमच्या आजीच्या परसात तो टोमॅटो दरवर्षी असायचा, चपटा, फाकी पडलेला, साल पातळ आणि चवीला चांगला आंबट, सार करावं तर त्याचंच. आजी बी राखेत घोळवून कापडाच्या पुडीत बांधून ठेवायची. ती गेली आणि दोन वर्षं परसात काहीच लागलं नाही, मग दिवाळीत घर आवरताना मला ती पुडी सापडली आणि त्यात मोजून ४० बिया. पिंपळगावच्या मार्केटला टोमॅटोचे ट्रकच्या ट्रक भरतात पण हा टोमॅटो त्यात कुठेच मिळणार नाही, त्यामुळे या ४० गेल्या की संपलं एवढं मला कळत होतं.

गावाकडे तेव्हा बघायला कोणी नव्हतं, आमची बाल्कनी उत्तरेची, हिवाळ्यात ऊन नाही, म्हणून हॉलमध्ये रॅक लावला, ऑनलाइन १०० वॅटचा ग्रो लाइट मागवला, कोकोपीटची वीट भिजवली आणि कागदी कपात बी टाकलं. ३१ उगवल्या. त्या आठवड्यात मी सकाळी उठून आधी चहा नाही, रोपं बघायचे.

आणि मग बिघडायला लागलं. पानाच्या कडा वर वळल्या, टोकं करपली, खालून जांभळी झाली, रोपं उंच बारीक, दोन-तीन तर रात्रीतून जमिनीलगत चिमटा बसल्यासारखी आडवी पडली. मी काय काय केलं ते तुम्हाला त्या दिवशी एका दमात सांगितलं होतं, आता शांतपणे लिहिते, कारण अजून कोणी असंच करत असेल तर त्याला कळावं. पानं मलूल दिसली की पाणी. पिवळी दिसली की खत, ते पाण्यात विरघळणारं १९:१९:१९, लिटरला ५ ग्रॅम. जांभळं म्हणजे स्फुरद (फॉस्फरस) कमी असं वाचलं म्हणून वरून ०:५२:३४, म्हणजे स्फुरद जास्त असलेलं खत. उंच वाढतायत म्हणजे उजेड कमी म्हणून लाइट चार बोटांवर आणला, आणि तो २४ तास चालू. दर दिवशी एक उपाय, आणि प्रत्येक उपाय मी जीव तोडून करत होते.

१९ उरली तेव्हा तुमच्याकडे आले. दोन दुकानांत आधी विचारलं होतं, एकाने बुरशीनाशक दिलं, दुसऱ्याने टॉनिक, दोन्ही बाटल्या पिशवीत होत्या. तुम्ही बाटल्यांकडे बघितलंच नाही. एक कप उचलून तळहातावर तोलला आणि म्हणालात, "वाफसाच नाही याला." मग मला न विचारता कप फाडला, रोप हातावर उलटं केलं आणि मुळी दाखवली. मला तेव्हा खरंच राग आला, १९ मधलं एक गेलं म्हणून. पण ती मुळी तपकिरी, बुळबुळीत होती, आणि मग तुम्ही तुमच्या प्रो-ट्रेमधलं, म्हणजे त्या खणाखणाच्या रोपांच्या ट्रेमधलं, मिरचीचं एक रोप उपसून शेजारी ठेवलंत, त्याला दाट पांढरी मुळी. "पोरी, वरचं पान काय बघते, हे बघ. हिला श्वास घ्यायला जागा नाही, वरून मीठ. ती पाणी पिणार कशी?" इतके दिवस मी मुळीकडे एकदाही बघितलं नव्हतं.

वाफसा हा शब्द मी लहानपणी आजोबांच्या तोंडून हजारदा ऐकलाय, पेरणीच्या वेळी. ओल पण हवी आणि मातीत हवा पण खेळती हवी, ढेकूळ हाताने फुटलं पाहिजे पण चिखल व्हायला नको. तो शब्द एका कागदी कपाला लागू होतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माझ्या कपांना खाली भोकसुद्धा एकेकच होतं, तेही बारीक.

कोकोपीटचं पण तुम्हीच सांगितलंत, की ते नारळाच्या सालीचं, त्यात क्षार असतात, चहासारखं पाणी निघायचं थांबेपर्यंत धुवायचं असतं, मी फक्त भिजवलं होतं. त्यावर गरजेपेक्षा कितीतरी जास्त खत, म्हणजे मुळीला मिठाचं पाणीच पाजत होते.

आणि जांभळ्या पानांचं जे सांगितलंत ते तर मी आता भेटेल त्याला सांगते. स्फुरद कपात भरपूर आहे, पण मुळी गारठली की ती उचलतच नाही. रॅकची खालची फळी बाल्कनीच्या दाराशी, खाली टाइल्स, आणि नाशिकची डिसेंबरातली पहाट. "निफाडकडं द्राक्षवाले रात्रीचं बागेत शेकोट्या पेटवतात ते काय हौस म्हणून? तुझ्या रोपाला पण थंडी वाजती." मी घरी जाऊन तिथे थर्मामीटर ठेवला, पहाटे १३ अंश. आणि मी स्फुरद घालत बसले होते.

मग तुम्ही काम सांगितलंत ते इतकं कमी होतं की मला विश्वासच बसेना. कपांना भोकं वाढव. एकदाच साधं कोमट पाणी भरपूर ओतून खालून पूर्ण निथळू दे, खत धुऊन जाऊ दे. मग कप हलका लागेपर्यंत पाण्याला हात लावायचा नाही. ट्रेखाली थर्माकोल, रॅक आतल्या भिंतीला. लाइट दीड फूट वर, सकाळी ६ ला चालू रात्री ८ ला बंद, "झाडाला रात्र लागते, टोमॅटोला तर लागतेच." आडवी पडलेली उपटून लांब टाक, त्यांच्या कपातलं कोकोपीट परत वापरू नको. आणि खत? "नवीन पान येईपर्यंत नाव काढायचं नाही." वर एक पिवळं चिकट कार्ड दिलंत त्या बारक्या काळ्या चिलटांसाठी, पैसे विचारले तर हात हलवलात आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलात.

पहिले सहा दिवस काहीच झालं नाही. काका, ते सहा दिवस मला फार जड गेले. आणखी चार रोपं गेली, १४ राहिली. रोज सकाळी कप उचलायचा, जड लागला की ठेवायचा. रात्री उठून दोनदा तांब्या हातात घेतलाय मी, पाणी घालू का म्हणून, आणि परत ठेवलाय. पाचव्या दिवशी फोन केला तर म्हणालात, "करपलेलं पान हिरवं होत नसतं, त्याच्याकडे बघूच नको, शेंड्याकडे बघ." त्या एका वाक्यावर मी टिकले. मी रोज त्याच करपलेल्या पानांचे फोटो काढून कालच्याशी जुळवत होते, सुधारणा दिसणार कुठून.

सातव्या दिवशी शेंड्याला बारीकसं पान, पोपटी, सरळ, कडा न वळलेली. मग दुसऱ्या कपात. संक्रांतीपर्यंत सगळ्या १४ ला दोन-दोन नवीन पानं होती आणि एका कपाच्या भोकातून पांढरी मुळी बाहेर डोकावत होती, तिचा फोटो मी तुम्हाला पाठवला होता, सूनबाईंनी दाखवला असेल. त्यानंतर तुम्ही सांगितल्यासारखं मोठ्या पिशवीत खोल लावली, खालच्या पानापर्यंत खोड गाडून, टोमॅटोच्या गाडलेल्या खोडाला मुळं फुटतात म्हणून लांबुडकेपणाची काळजीच मिटली. तुम्ही दिलेलं मूठभर ट्रायकोडर्मा (मुळकुजीपासून जपणारी उपयोगी बुरशी) शेणखतात कालवून घातलं. खत परत सुरू केलं ते लिटरला अर्धा ग्रॅम, तेही आठवड्यातून एकदा.

फेब्रुवारीत मामा गावी राहायला आला, मग आठवडाभर रोज थोडं थोडं ऊन दाखवून सगळी १४ सिन्नरला नेली आणि आजीच्या परसात लावली, त्याच जागी, विहिरीच्या कडेला. एप्रिलच्या उन्हात बरीच फुलं गळली पण फळं लागली, तशीच चपटी, फाकी पडलेली. आईने सार केलं. तिने पहिला घोट घेतला आणि वाटी खाली ठेवून बराच वेळ काही बोलली नाही.

बी काढलंय. दोन दिवस गर आंबवून, धुवून, सावलीत वाळवून, आणि चुलीच्या राखेत घोळवून. एक पुडी तुमच्यासाठी बांधली आहे, ६० बिया आहेत. रविवारी सकाळी दहाच्या सुमारास येते, सोबत आईने केलेल्या कुरडया आहेत, त्या मात्र नको म्हणू नका. आणि त्या दोन न फोडलेल्या बाटल्या अजून माझ्या कपाटात आहेत, त्यांचं काय करायचं तेही सांगा.

तुमची,
इंदिरानगरची पोर