छप्पर नसेल तर मिग आणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२६ सप्टेंबर २०२५ला चंडीगडमध्ये हवाई दलाचे मिग-२१ हे लढाऊ विमान निवृत्त झाले आणि तेव्हापासून एक मिग आपल्या खानदेशातही एखाद्या चौकात आणून ठेवावे, असे बोलणे आमच्याकडे सुरू आहे. मलाही ते हवे आहे. १९७८ साली मी नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्यात लागलो, रिव्हेट मारून पत्रे जोडायच्या कामावर. मिगच्या पंखांचे पत्रे माझ्या हाताखालून गेले आहेत. म्हणूनच सांगतो, छप्पर नसेल तर आणू नका.

एका शहरात चौथऱ्यावर ठेवलेले लढाऊ विमान पाहिले. कॉकपिटवरची काच पिवळी पडून तडकलेली. हवा आत घ्यायच्या तोंडात साळुंक्यांची घरटी. टायर चिरलेले. ॲल्युमिनियम लोखंडासारखे तांबडे गंजत नाही, त्याला पांढरी भुकटी धरते. तशी ती रिव्हेटच्या डोक्यांभोवती धरली होती. पोलादी बोल्ट पत्र्याला टेकतो तिथे पावसाचे पाणी मुरले की ही कीड लवकर लागते. मी नखाने खरवडले तर पापुद्रा सुटून हातात आला. फार वाईट वाटले.

आपल्याकडे मेमध्ये पारा पंचेचाळिशी ओलांडतो. त्या उन्हात रबर आणि काच किती तग धरणार? दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात वापिटी नावाचे विमान आहे. १ एप्रिल १९३३ला हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली ती अशाच चार वापिटींवर. इतके जुने विमान, पण ते हँगरात आहे, म्हणून आजही बघता येते.

मिगचा पंखविस्तार अवघा ७.१५ मीटर. बाजार समितीतली लिलावाची शेड याहून मोठी असते. तेवढी शेड बांधा, विमानाच्या पुढच्या-मागच्या तोंडांना झाकणे लावा, चाकांवरचा भार टेकूंवर घ्या, पाणी निघायची भोके मोकळी ठेवा. ओझरहून निवृत्त झालेले आम्ही काही जण इकडेच आहोत. बोलावले तर फुकट येऊ.

आणि फलकावर वैमानिकांच्या पराक्रमाबरोबर ‘ओझर येथे बांधले’ हेही लिहा. आमच्या गावावरून विमान गेले, की आई अंगणात येऊन विचारायची, “भाऊ, हाई तुन्हं इमान शे का?”

आपला,
एक निवृत्त कारखाना कामगार
अमळनेर, जि. जळगाव