आयटीआयच्या शीट मेटल (पत्रेकाम) परीक्षेआधी सायलीस

तळोजा

चि. सायलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, "पप्पा, चौकोन-गोल आला तर माझं काही खरं नाही." म्हणजे खाली चौकोनी आणि वर गोल तोंडाची ती पत्र्याची वस्तू. इथे मागे ग्राइंडर चालू होता, धड बोलता आलं नाही. आणि असले आकडे फोनवर सांगून डोक्यात बसतही नाहीत. म्हणून जेवण उरकून कागद घेऊन बसलोय. हे पत्र ट्रेडच्या वहीत ठेव. यातला प्रत्येक आकडा स्वतः करून बघ, मी लिहिलाय म्हणून पाठ करू नकोस.

आधी परीक्षेचं गणित डोक्यात पक्कं कर. थिअरीला पास व्हायला 33 टक्के लागतात, प्रॅक्टिकलला 60. म्हणजे तुझं सर्टिफिकेट जॉबवर, प्रॅक्टिकलला पत्र्याची जी वस्तू करून द्यायची तिच्यावर, अवलंबून आहे. तू संध्याकाळभर प्रश्नसंचाचे पर्याय घोकत बसतेस असं आई सांगते. थिअरी संगणकावर आहे, पर्याय समोर दिसणार आहेत, आणि वर्षभर तू वर्कशॉपमध्ये लक्ष देऊन काम केलं आहेस. ती निघेल. तो वेळ आता ड्रॉइंगला आणि आखणीला दे.

मला तुला खरं सांगायचंय ते हेच. जॉब बिघडतो तो मार्किंगमध्ये. पोरं मार्किंग पटकन आटपतात आणि उरलेला सगळा वेळ मॅलेट (लाकडी हातोडा) घेऊन पत्रा सरळ करत बसतात. इथे डक्टच्या, म्हणजे हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळांच्या, कामातही तेच बघतो. रिड्यूसर, म्हणजे मोठ्या डक्टला लहान डक्ट जोडणारा तुकडा, बसत नाही म्हणून दोघं तिघं ठोकत असतात. उघडून बघावं तर पॅटर्नच, म्हणजे पत्र्यावर आखलेला सपाट आकारच, तिरका कापलेला. ठोकून तो कधीच जुळत नाही. पत्रा वाया जातो, वेळ जातो आणि हात दुखतात ते वेगळंच. तुला जितका वेळ देतील त्यातला निम्मा आखणीवर गेला तरी घाबरू नकोस. बाजूच्या टेबलावरची कात्री चालू झाली की आपण मागे पडलो असं वाटतं. तिकडे बघायचंच नाही.

आता तुझा चौकोन-गोल. समज, खाली 100 बाय 100 मिमीचा चौकोन, वर 60 मिमी व्यासाचा गोल, उंची 80, आणि दोन्हींचे मध्य एकावर एक. प्लॅन, म्हणजे वरून दिसणारं चित्र, काढ. गोलाचे बारा भाग कर. चौकोनाच्या एका कोपऱ्याच्या वाट्याला गोलावरचे चार बिंदू येतात, म्हणजे त्या कोपऱ्यातून चार रेषा निघतात. पण जॉब दोन्ही बाजूंनी सारखा आहे. त्यामुळे कडेच्या दोन रेषा एका लांबीच्या आणि मधल्या दोन एका लांबीच्या. म्हणजे खऱ्या लांब्या काढायच्या फक्त दोन. प्लॅनमध्ये कडेची रेषा 53.9 भरते, मधली 42.4. या खोट्या लांब्या आहेत, कारण वरून बघताना उंची दिसत नाही. खरी लांबी काढायला काटकोन त्रिकोण घे: एका बाजूला प्लॅनमधली लांबी, दुसऱ्या बाजूला उंची 80, कर्ण म्हणजे खरी लांबी. कडेची 96.4 येते, मधली 90.6. तिसरी लांबी सांध्याची. सांधा एका बाजूच्या मधोमध घ्यायचा, तिथे प्लॅनमध्ये अंतर 20, उंची 80, म्हणजे 82.5.

एवढ्या तीन लांब्यांवर अख्खा पॅटर्न उभा राहतो. सुरुवात सांध्यापासून कर. पहिला त्रिकोण अर्ध्या बाजूचा: 50, 82.5 आणि 96.4. हा काटकोन त्रिकोणच आला पाहिजे. 50 आणि 82.5 च्या मधल्या कोपऱ्यात गुण्या लाव. काटकोन नसेल तर पुढची एकही रेषा मारू नकोस, तिथूनच परत मोज. शेवटच्या त्रिकोणाला पुन्हा तीच तपासणी. ही सवय लागली की सर समोर उभे असले तरी हात थरथरणार नाहीत, कारण आपलं बरोबर आहे की नाही ते आपल्यालाच कळलेलं असतं.

याच जॉबमध्ये एक बारीक गोष्ट आहे, ती बरेच जण सांगत नाहीत. गोलावरच्या दोन बिंदूंमधलं अंतर आपण डिव्हायडरने घेतो. ते सरळ अंतर असतं, 15.5 मिमी. पण पत्रा वळल्यावर तिथे कंस होतो, तो 15.7 चा. एका भागाला फरक दिसतही नाही. बारा भागांचा मिळून मात्र घेर 186.4 होतो आणि हवा असतो 188.5. दोन मिमी कमी पडले की वरची कॉलर बसत नाही, आणि आपण कॉलरला दोष देत राहतो. म्हणून घेर आधी गणिताने काढ, त्याला बाराने भाग आणि डिव्हायडर त्या मापाला लाव.

नरसाळं आलं तर ते चौकोन-गोलापेक्षा खूप सोपं. पूर्ण शंकू धरून चाल. तळाचा व्यास 120, उंची 80 असेल तर तिरकी उंची 100. पॅटर्नचा कोन म्हणजे 360 गुणिले त्रिज्या 60, भागिले 100, म्हणजे 216 अंश. वरचा शेंडा जिथे कापायचा तिथली तिरकी उंची घेऊन आतला कंस मार. झालं.

सिलिंडर सगळ्यांना येतो असं सगळे धरून चालतात, आणि मार्क तिथेच जातात. ड्रॉइंगवर बाहेरचा व्यास 100 दिलाय का आतला, ते आधी वाच. 1 मिमी पत्र्यात बाहेरचा 100 असेल तर घेर 99 वर काढायचा, 311 येतो. आतला 100 असेल तर 101 वर, 317.3. सरळ 314 धरून कापलंस तर दोन्हीकडे चूकच.

सांध्यासाठी जादा पत्रा सोडायला विसरू नकोस. ग्रूव्ह लॉक, म्हणजे दोन कडा दुमडून एकमेकांत अडकवायचा सांधा, 6 मिमीचा असेल तर त्याच्या तिप्पट, म्हणजे 18 मिमी जादा. दोन्ही कडांना 9-9 दिलेस की सांधा आखलेल्या रेषेवर मध्यभागी बसतो. एक घडी वर आणि एक खाली घालायची. दोन्ही घड्या एकाच बाजूला घातल्या की लॉक एकमेकांत अडकतच नाहीत, आणि परीक्षेच्या गडबडीत हे हमखास होतं. घडी घालण्याआधी पत्र्यावर मार्करने बाण काढून ठेव. लॉक बसवताना ग्रूव्हर (लॉक दाबायचं हत्यार) आधी दोन्ही टोकांना मार, मग मधे. एका टोकाकडून सुरू करून ठोकत गेलीस तर पत्रा सरकतो आणि दुसरं टोक मागे-पुढे होतं. काठात तार घालायची असेल तर तारेच्या व्यासाच्या अडीचपट, म्हणजे 4 मिमी तारेला 10 मिमी. रिव्हेट असेल तर भोकाचा मध्य काठापासून निदान दोन व्यास आत, आणि दोन रिव्हेटमध्ये निदान तीन व्यास.

कापताना कात्री पूर्ण मिटवायची नाही. टोकापर्यंत मिटवली की तिथे पत्र्याला दात पडतो आणि बोटाला लागतो. थोडी उघडी ठेवून पुढे सरकत जायचं. कापून झाल्यावर काठाचा बर, म्हणजे उरलेली धारदार कुसं, फाइलने काढ. परीक्षक जॉब हातात घेतात तेव्हा पहिल्यांदा काठावरून अंगठा फिरवतात.

सोल्डरिंगची तुला धास्ती आहे, पण ते सगळं स्वच्छतेचं काम आहे. फ्लक्स, म्हणजे सांध्याची जागा साफ करायचं रसायन, ठरलेलं असतं: जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या, पत्र्याला पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक ॲसिड, टिनच्या पत्र्याला झिंक क्लोराइड, विजेच्या जोडांना राळ. हा थिअरीत ठरलेला प्रश्न आहे. ॲसिड पातळ करताना पाण्यात ॲसिड घालायचं, ॲसिडवर पाणी कधी ओतायचं नाही. तांब्याची खई, म्हणजे सोल्डर करायचं हत्यार, तापवताना ज्योतीला हिरवी झाक आली की ताप पुरेसा झाला. मग नवसागरावर घासून टोकाला कथील चढव. आजीच्या तांब्याच्या पातेल्याला कल्हई करायला माणूस यायचा, तो हाच नवसागर टाकायचा आणि पांढरा धूर व्हायचा, आठवतंय का? तेच रसायन, अमोनियम क्लोराइड. सोल्डर खईने ढकलत नेऊ नकोस. खई सांध्यावर सपाट टेकवून हळू सरकव, पत्रा तापला की सोल्डर आपोआप फटीत ओढलं जातं. झाल्यावर जॉब पाण्याने धू, नाहीतर फ्लक्स राहून गंज धरतो.

थिअरीतल्या दोनच गोष्टी लिहितो, कारण त्या बाजारात वेगळ्या आणि पुस्तकात वेगळ्या आहेत. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ, हे तुला माहीत आहेच. पण इथे साइटवर आम्ही 24 गेज म्हणतो तो 0.63 मिमीचा आणि 22 गेज म्हणजे 0.8 चा. तुझ्या पुस्तकातल्या एसडब्ल्यूजीच्या (स्टँडर्ड वायर गेज) तक्त्यात 24 म्हणजे 0.559 आणि 22 म्हणजे 0.711. परीक्षेत तक्ता धर, माझं ऐकू नकोस. दुसरं वजन. एक चौरस मीटर, एक मिमी जाड पोलादी पत्रा 7.85 किलो भरतो. एवढं लक्षात ठेवलंस की जाडीने आणि क्षेत्रफळाने गुणून कुठल्याही पत्र्याचं वजन निघतं. आठ बाय चार फुटाचा एक मिमी पत्रा साधारण 23.4 किलो येतो, करून बघ.

गॅस वेल्डिंगचे रंग चुकवू नकोस. ऑक्सिजनचा सिलिंडर काळा, ॲसिटिलीनचा मरून. ॲसिटिलीनचे आटे डावे, ऑक्सिजनचे उजवे. आणि जीआय पत्रा वेल्ड करताना जस्ताचा धूर होतो. तो छातीत गेला की रात्री थंडी-ताप भरतो. आमच्यातल्या एकाला गेल्या पावसाळ्यात झालं होतं. प्रॅक्टिकलला तसं काम आलं तर वेल्डच्या जागेवरचं जस्त आधी घासून काढ आणि वारा पाठीकडून येईल असं उभी राहा. पत्रा उचलताना हातमोजे घाल, ड्रिलवर उभी राहताना काढून ठेव. फिरत्या ड्रिलमध्ये मोजा अडकला तर हात आत जातो. वेणी टोपीत कोंब, ओढणी वर्कशॉपबाहेर.

मामा तुला काय म्हणाले ते आईने सांगितलं. पत्र्याचं काम पोरीचं नव्हे, असं. मनाला लावून घेऊ नकोस. ते प्रेमाने बोलतात, पण त्यांनी हे काम बघितलेलं नाही. आमच्या शॉपमध्ये आता लॉक मशीन घालते, कटिंग प्लाझ्मावर होतं. माणसाकडून हवं असतं ते ड्रॉइंग वाचणं आणि माप. त्यात तू माझ्या पुढे आहेस. मला खऱ्या लांब्या काढायला एका जुन्या फोरमनने शिकवलं, तेही कामावर लागून बरीच वर्षं झाल्यावर. तू त्या अठराव्या वर्षी काढतेस.

मी एवढा मागे का लागलोय तेही सांगतो. मला काम येत होतं, तरी एका ठेकेदाराने कितीतरी वर्षं हेल्परच्या हजेरीवर ठेवलं. डक्टचा अख्खा मजला मी आखून द्यायचो आणि सही दुसऱ्याची असायची. विचारलं की एकच उत्तर, "तुझ्याकडे कागद कुठाय?" तुझ्याकडे तो कागद असेल, आणि त्यावर चांगले गुण असतील, एवढीच माझी इच्छा आहे. गुणांना पुढेही किंमत आहे. मध्य रेल्वेच्या अप्रेंटिस भरतीत दहावीचे आणि आयटीआयचे गुण धरून यादी लागते. मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डमध्ये आणि ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यातही शीट मेटलचे अप्रेंटिस घेतात. विमानाच्या पत्र्याला रिव्हेट मारायला मिळालं तर मला किती बरं वाटेल, ते इथे लिहून कळणार नाही.

हॉल तिकीट, ओळखपत्र आदल्या रात्रीच पिशवीत ठेव. सेफ्टी शूज घाल, नवे घेतलेत ते आधी दोन-चार दिवस वापरून सैल कर. स्टीलची पट्टी आणि डिव्हायडर स्वतःचे ने. डिव्हायडरची टोकं ऑइलस्टोनवर घासून घे, बोथट टोकाने अर्धा मिमी इथेच जातो. सकाळी आईने दिलेलं खाऊन जा, उभ्याने दिवस काढायचाय.

मला इथून परीक्षेच्या आठवड्यात सुट्टी मिळेलसं दिसत नाही, साइटवर डक्ट चढवून द्यायची आहे. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. रविवारी जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर वर दिलेल्या मापाचा चौकोन-गोल आख, काप आणि चिकटव. मला दोन फोटो पाठव, एक कापण्याआधीच्या पॅटर्नचा आणि एक जोडलेल्याचा. पॅटर्नच्या फोटोत सांध्याच्या कोपऱ्याला गुण्या लावलेला असू दे, म्हणजे काटकोन मला इथून बघता येईल. कुठे अडलीस तर नऊनंतर फोन कर, तोवर साइट शांत झालेली असते.

तुझे,
पप्पा