सगळेच सरडे गोंडवनातून आलेले नाहीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गोंडवन हा प्राचीन महाखंड फुटल्यावर भारतीय भूखंडावर बसूनच कोकणातील सर्व सरडे आणि पाली येथवर पोहोचल्या, असे विधान आपल्या दैनिकातील एका लेखात वाचले. कल्पना मोहक आहे, परंतु अर्धीच खरी आहे.

भारत मादागास्करपासून सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी सुटला आणि सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला, याविषयी वाद नाही. मात्र मधल्या वाटेवर, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचा लाव्हा उसळला. रत्नागिरी-रायगडाखालचा काळा कातळ तेव्हा रसरूपात वाहत होता. त्यामुळे जुने उतारू कोणी तगले असतील तर ते दक्षिणेकडे, येथे नव्हेत. त्याच सुमारास सेशेल्स बेटे भारताच्या पश्चिमेकडून अलग झाली, म्हणजे आपला किनारा हा त्या तुटीचाच काठ आहे.

बरेच उतारू तर नंतरच्या बंदरांत चढले. सिंधुदुर्गातील झाडांवरून पडदा पसरून तरंगत जाणाऱ्या उडत्या सरड्याचे बहुतेक भाऊबंद आग्नेय आशियात आहेत. त्याचे पूर्वज भूखंड जोडल्यावर तिकडून आले, असे मानले जाते. सरडगुहिऱ्याची (शॅमेलिऑनची) गोष्ट उलट दिशेची. त्याच्या जगातील जवळजवळ निम्म्या जाती मादागास्करमध्ये असल्याने तो तेथूनच आपल्यासोबत निघाला, असे कोणालाही वाटेल (मलाही वाटले होते), पण भारतीय जातीचे सख्खे नाते आफ्रिका आणि अरबस्तानातील जातींशी जुळते.

लेखात ज्या पालीचा उल्लेखच नाही, ती तर खास आपली. रत्नागिरी जिल्ह्यातील डोर्ले येथून १९६३ मध्ये वर्णिलेली, पांढऱ्या पट्ट्यांची ही छोटी पाल प्रथम वेगळ्या प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) घातली गेली होती. पुढे जनुकांच्या अभ्यासाने ती घरातल्या पालींच्याच प्रजातीतील, भारतात जमिनीवर राहणाऱ्या शाखेची ठरली. ती रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळी पठारांवर, सुट्या धोंड्यांखाली राहते. हे सडे जांभ्याचे, आणि जांभा म्हणजे त्याच लाव्ह्याचा खडक पावसापाण्याने झिजून झालेला. खंड फुटण्याच्या काळातील उलथापालथीने या पालीला येथे आणले नाही, तिला राहायला जागा मात्र दिली.

चिरेखाणीसाठी किंवा कलमबागेसाठी सडा सपाट करताना प्रथम हेच धोंडे उचलून फेकले जातात. लेखमालेच्या पुढील भागात दुरुस्तीसोबत डोर्ल्याच्या या पालीलाही जागा मिळावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी